ब्राऊनला फाशी देणाऱ्यांनाही तो वेडा वाटला नव्हता

१९४० सालचा ‘सांता फे ट्रेल’ हा अमेरिकी चित्रपट पाहिलेले लोक एक मत हमखास ऐकवतात: जॉन ब्राऊन गुलामगिरीविरुद्ध लढला खरा, पण होता माथेफिरू. त्याने आग लावली नसती तर ती प्रथा आपसूक संपली असती.

तपशिलाच्या चुका सोडून देतो. चित्रपटात स्टुअर्ट आणि कस्टर हे लष्करी अधिकारी १८५४ साली वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून बरोबर बाहेर पडतात. खरा कस्टर पास झाला १८६१ला. चालायचंच, सिनेमा आहे.

‘वेडा’ मात्र चालवून घेता येत नाही. ब्राऊनच्या भूमिकेत रेमंड मॅसीने असे डोळे वटारलेत की आपण मुकाट मान डोलावतो. खऱ्या ब्राऊनने व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला; त्यानंतरच्या खटल्यात त्याच्या वकिलाने ब्राऊनच्या घराण्यात वेड असल्याची तार वाचून दाखवली, तेव्हा जखमी होऊन खाटेवर पडलेल्या ब्राऊननेच ती सबब धुडकावली. व्हर्जिनियाचे गव्हर्नर वाइज त्याला भेटून आले आणि म्हणाले, याला वेडा समजणारेच चुकताहेत. त्यांच्याच राज्याने त्याला २ डिसेंबर १८५९ला फासावर चढवलं.

‘आपसूक संपली असती’? १७९०मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६०मध्ये साडेएकोणचाळीस लाख. संपत आलेली गोष्ट अशी फोफावते होय?

खरी लबाडी पुढेच आहे. पडद्यावरच्या काळ्या माणसांना ब्राऊनने दिलेलं स्वातंत्र्य नकोसं होतं, त्यांना घरी परतायचं असतं. हार्पर्स फेरीच्या छाप्यात ब्राऊनसकट बावीस जण होते, त्यांतले पाच काळे. डेंजरफील्ड न्यूबी त्यांपैकी एक. त्याची बायको हॅरिएट आणि मुलं व्हर्जिनियातच गुलाम होती. तो तिथेच मारला गेला. त्याच्या अंगावर हॅरिएटची पत्रं सापडली: लवकर ये, मला विकत घेऊन सोडव, नाहीतर दुसरा कुणीतरी घेईल. पुढे तिला लुइझियानात विकलं. ही पत्रं वगळली की ब्राऊनचा संताप आभाळातून पडल्यासारखा दिसतो.

म्हणून तो संत ठरत नाही. मे १८५६मध्ये, कॅन्ससमध्ये पॉटावाटोमी ओढ्याकाठी, त्याच्या हुकमाने पाच जणांना रात्री घरातून ओढून तलवारींनी कापलं. हार्पर्स फेरीत त्याच्या माणसांच्या गोळीला पहिला बळी पडला तो हेवर्ड शेफर्ड, रेल्वेतला हमाल. काळा, आणि गुलामही नसलेला. ब्राऊनचा कडवेपणा मला बोचतो तो या हमालापाशी, मॅसीच्या डोळ्यांत नाही.