नाणं पाण्यात डुललं म्हणून खोटं? काय पण लॉजिक!

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. खरं चांदीचं नाणं पाण्यात सरळ खाली जातं, भेसळीचं हेलकावे खातं, खरं जड म्हणून आधी तळाला पोचतं, आणि लक्ष्मीची बाजू वर पडली तर लाभ. सोबत दोन ग्लासांचा व्हिडिओ. आमच्या विट्याच्या आत्यानं तो बघून घरातली नाणी बादलीत सोडली आणि डुलणारी बाजूला काढून थेट सराफाशी भांडायला निघाली. विट्यात! जिथनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे गलाईवाले देशभर गेलेत तिथं चांदी बादलीत तपासायची, धन्य आहे.

आता ते डुलणं. कुठलीही पातळ चकती पाण्यात जरा कलली की पुढच्या कडेकडं पाण्याचा दाब जास्त बसतो, ती तिरकी सरकते, दाब तिला परत फिरवतो, मागं भोवरे सुटतात, की ही निघाली दुसऱ्या बाजूला. यात शुद्धता आली कुठनं? 1997 ला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात फील्ड, नोरी वगैरेंचा पेपर आलाय, त्यांनी चकत्या द्रवात सोडून चार तऱ्हा नोंदवल्या: शांत उतरणारी, झुलणारी, कोलांट्या मारणारी, आणि कधी झुलेल कधी उलटेल याचा नेम नसलेली. हे ठरतं चकतीची जाडी-रुंदी, द्रवाच्या मानानं तिची घनता, द्रवाचा चिकटपणा आणि वेग यावर. वर आकार तोच ठेवून चकती जड केली तर ती उलट कोलांट्यांकडंच झुकते, म्हणजे फॉरवर्डच्या बरोब्बर विरुद्ध! आणि तेच डुलणारं नाणं घट्ट काकवीत सोडा, गुमान खाली जातंय.

व्हिडिओत नीट बघा, एक नाणं उभं सोडलंय, दुसरं आडवं. ग्लास एवढा उथळ की उभं वळायच्या आत तळ गाठतं.

जड आधी पोचतं हे मात्र, आकार सारखा असेल तर, साधारण खरं आहे, मान्य. पण चांदीची घनता घन सेंटीमीटरला 10.49 ग्रॅम आणि शिशाची 11.34, मग शिशाचं नाणं आत्या देव्हाऱ्यात ठेवणार का?

लक्ष्मीच्या बाजूवर मी बोलत नाही.

पाणीच वापरायचंय तर नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात बुडवून तोला. हवेत 10 ग्रॅम भरणारी शुद्ध चांदी पाण्यात 9.05 च्या आसपास भरते, तांबं 8.88. तांबं-शिसं मिसळून यालाही फसवता येतं, म्हणून शंका असली तर हॉलमार्क बघा, नाहीतर गलाईवाल्याकडं जा, सराफाच्या अंगावर नंतर धावा.