आम्ही दोघे हयात

नोव्हेंबर उजाडला की माझ्या छातीत धडधडायला लागतं. थंडीने नव्हे; गोव्यात आमच्या फोंड्यात नोव्हेंबरात थंडी कुठली, पंखाच असतो. ही धडधड हयातीच्या दाखल्याची. आपण मेलेलो नाही हे पेन्शनराने वर्षातून एकदा पटवून द्यायचं असतं. केंद्राच्या पेन्शनरांना 80 पूर्ण झाली की 1 ऑक्टोबरपासूनच हे करायची मुभा आहे. मी 69 वर्षांचा, त्यात राज्याचा मास्तर. मला जिवंत ठरायला नोव्हेंबरचे 30 दिवस, त्यातले रविवार वजा.

पूर्वी बरं होतं. बँकेत जायचं, साहेबापुढे उभं राहायचं, सही करायची. साहेब चष्म्यावरून बघायचा आणि त्याला पटायचं. 'जीवन प्रमाण', म्हणजे बोटाचा ठसा आधारशी जुळवून मिळणारा दाखला, आलं 2014 मध्ये. आमच्या शाखेत ते मुरायला वेळ लागला, पण मुरलं ते असं मुरलं की आता साहेब वर बघतच नाही. बोट काय म्हणतं ते खरं. आणि माझी बोटं काही म्हणायलाच तयार नाहीत.

काउंटरवरची मुलगी माझ्याच शाळेतली. सतराच्या पाढ्याला हमखास अडखळायची.

"हात पुढे करा, मास्तर."

आवाज गोड, पण वाक्य माझं. 38 वर्षं मी ते लाकडी पट्टी हातात धरून म्हणत आलो. मी निमूट हात पुढे केला. अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी, लाल. मधलं बोट, लाल.

"मातशें दामून धरात."

दाबून धरलं. यंत्राला बहुधा वाटलं, कोणीतरी वांगं ठेवलंय.

"डोक्याला घासा बोट, तेल लागतं," रांगेतला एकजण मागून म्हणाला. माझ्या डोक्यावर तेल लावण्याजोगं काही उरलं असतं तर मी त्याच्या सल्ल्याची वाट पाहिली असती का? तरी घासलं. लालच.

मग तिने मला समजावून सांगितलं. वय झालं की कातडी कोरडी पडते, सैल होते, रेषा सपाट होत जातात, यंत्राला काही लागत नाही. मी म्हटलं, "खडूचाही हात असेल यात."

"म्हणजे आमच्यासाठी झिजलात की मास्तर!"

मला भरून आलं. ते डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत ती म्हणाली, "करंगळी."

गंमत अशी की इथे मी जिवंत ठरत नाही, आणि घरी माझ्या जन्माला सोन्याचा भाव आलाय. गोव्यात म्हाताऱ्याला किंमत येते ती त्याच्या अनुभवाने बिनुभवाने नव्हे. तो 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेला असला पाहिजे. तेव्हा इथे पोर्तुगीज राज्य. असल्या आजोबाचा जन्म लिस्बनला नोंदवून किती घरांतली पोरं पोर्तुगीज पासपोर्टवर पार इंग्लंडातल्या स्विंडनला पोचली! आमचा नातू इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारा हा पोरगा हल्ली दर रविवारी स्वतः चहा करून आणतो.

"आजो, तुम्ही 61 च्या आधीचे ना?"

"साळाझारच्या काळातला," मी म्हणतो. त्याला पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार ठाऊक नाही, पण उत्तर आवडतं.

आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, आणि माझं नाव तिकडे लागलं तर इकडच्या पेन्शनचं काय, ही धास्ती मला आहे. म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. चहा बरा असतो.

त्या निमित्ताने जुनी ट्रंक उघडून जन्माचा उतारा काढला. त्यावर मी आहे, पण मी नाही. पोर्तुगीज 'श'साठी 'एक्स' लिहीत, त्यामुळे माझ्या 'शांबा' नावाची सुरुवात एक्सने. आणि नाईकच्या शेवटी 'के' नाही, 'क्यू-यू-ई' अशी शेपटी. आधारवर मी सरळ एसवाला. वकील म्हणाले, हे दोन्ही इसम एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. गोव्यात हे इतकं नेहमीचं आहे की त्यांच्याकडे मजकूर तयार होता, फक्त नाव भरायचं बाकी.

तर करंगळीही लाल झाली. शेवटी मुलीने मोबाइल काढून माझ्या तोंडासमोर धरला. "आता चेहऱ्याने करूया. डोळे मिचकवा."

"कुणाला?"

"मोबाइलला, मास्तर!"

जत्रेच्या नाटकांत मी तरुणपणी नायक केलेत, नंतर नायकाचे बाप, गेली काही वर्षं पडद्यामागे प्रॉम्प्टर. डोळा मारायचा प्रवेश शेवटचा केला त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील. मी जमेल तितक्या भावपूर्ण रीतीने मिचकावले. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तो आधी मिटला आणि उजवा मागाहून आला. "एकदम दोन्ही, मास्तर." रांगेतले चारपाच पेन्शनरही नकळत माझ्याबरोबर मिचकावू लागले. तिसऱ्या खेपेला हिरवं आलं. मागून कोणीतरी टाळी वाजवली; जत्रेतसुद्धा मला इतक्या लवकर टाळी पडली नव्हती.

घरी पोचेपर्यंत मोबाइलवर मेसेज. अक्षरं बारीक, चष्मा बँकेत राहिलेला. बायकोने लांब धरून वाचला.

"दाखला झाला. एसवाले जिवंत आहेत," ती म्हणाली. "एक्सवाल्यांचं काय?"

"तेही आहेत. वकिलांकडे कागद आहे."

"मग बरं झालं," तिने पिशवी माझ्या हातात दिली. "दोघेही बाजारात जा. एकाने सुंगटं आणा, दुसऱ्याने नारळ. परवा एकटे गेलात आणि नारळ विसरून आलात."