सासूबाई एकट्या जाऊन आल्या

यंदा चवथीला आमच्या पडवीत शहरांवरून मोठा वाद रंगला. मुंबई-पुण्याची पुतणे-भाचे मंडळी जमलेली, त्यात एक नुकताच बँकॉक करून आलेला, एक दुबईत नोकरीला. आशियातलं सगळ्यात भारी शहर कुठलं? कुणी इमारतींचे मजले मोजत होतं, कुणी मॉल, कुणी विमानतळ. तेवढ्यात आरतीची वेळ झाली आणि विषय तिथेच राहिला. मी काही बोलले नाही. माझं उत्तर लांबलचक होतं, शिवाय ते सासूबाईंपासून सुरू होणारं, आणि त्या तिथेच बसून दूर्वा निवडत होत्या. म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

सासूबाईंचं वय ७६. चौथीपर्यंत शिकलेल्या. मालवणी आणि मराठी बोलतात, हिंदी जेमतेम. डावा गुडघा दुखतो. आयुष्य गेलं ते मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात, भातशेती, गुरं आणि सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या माळावरच्या, काजूंमध्ये. गेल्या वर्षी त्यांना घेऊन मी लेकीकडे सिंगापूरला तीन आठवडे राहिले. लेक-जावई सकाळीच कामावर जायची. दहाव्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आले तर सासूबाई घरात नाहीत. चपला नाहीत, पिशवी नाही. माझ्या पोटात गोळा आला. परका देश, भाषा येत नाही, फोन टेबलावरच. तशीच ओल्या केसांनी लिफ्टने खाली धावले, तर त्या समोरून सावकाश येताहेत. हातात बांगडे.

"मी आपली एकटीच जावन इलंय," म्हणाल्या. वर आणि, "बांगडो ताजो आसा. कल्ले बघून घेतलंय."

बाजार होता दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर, लिटल इंडियातलं टेक्का सेंटर. तिथे बांगड्याला मलय भाषेत केंबुंग म्हणतात. पण कल्ले उघडून बघायला कुठली भाषा लागते? त्यांनी बोटाने दाखवला, कोळणीने साफ करून दिला, पैसे हातावर मांडले, तिने हवे तेवढे उचलले. झालं.

त्या दिवशी मी ओरडायचं सोडून त्यांना एकच विचारलं, "आई, तुम्हाला भीती नाही वाटली?" त्या म्हणाल्या, "भिवाचा कित्याक? वाट सरळ आसा. बसाक जागा आसा. कोण कोणाक ढकलणा नाय."

या तीन वाक्यांवर मी वर्षभर विचार करते आहे.

वाट सरळ आहे म्हणजे काय, ते बघायला दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागून चालत गेले. फूटपाथ एकदाही तुटत नव्हता. रस्ता ओलांडायचा तिथे तो उताराने खाली येत होता आणि पलीकडे तसाच वर चढत होता, गुडघा वाकवून पायरी उतरायची वेळच येत नव्हती. सिग्नलला आवाज होता. एका चौकात त्यांच्याच वयाच्या एका चिनी आजींनी खांबावरच्या यंत्राला कार्ड लावलं आणि हिरवा दिवा नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. लेकीने नंतर सांगितलं, ही सोय २००९ पासून आहे. तिथल्या ज्येष्ठांच्या आणि अपंगांच्या कार्डावर चालते. कुणाच्या तरी डोक्यात आलं असेल ना, की म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला काही सेकंद जास्त लागतात, आणि ती सेकंदं त्याला द्यायला हवीत!

आणि पाऊस. सिंगापूरला तो बारा महिने केव्हाही कोसळतो. आपल्याला पाऊस नवा नाही, पण पावसात घरात अडकून पडणंही नवं नाही. तिथे स्टेशनपासून घरापर्यंत बऱ्याच ठिकाणी वाटेवर छत घातलेलं आहे. २०१३ पासून त्यांनी ठरवून स्टेशनांच्या ४०० मीटरच्या टापूतल्या शाळा, दवाखाने अशा छतांनी जोडायला घेतले. छत्री न उघडता घरी आलो, याचं सासूबाईंना स्कायलाइनपेक्षा जास्त अप्रूप वाटलं. मलाही.

लेकीची इमारत सरकारी गृहनिर्माण मंडळाची. सिंगापूरच्या दर दहा रहिवाशांतले जवळजवळ आठ अशा घरांत राहतात. या इमारतींपैकी पुष्कळांचा तळमजला मोकळाच सोडलेला असतो. फक्त खांब, वारा आणि बसायला बाकं. तिथेच लग्नं लागतात आणि कोणी गेलं तर मयताचे विधीही तिथेच होतात. सासूबाईंनी बघताक्षणी ओळखलं, ही पडवी आहे. बारा-पंधरा मजल्यांच्या इमारतीला पडवी! संध्याकाळी त्या तिथे जाऊन बसायच्या. एक तमिळ पाटी, म्हणजे आजी, यायच्या, एक चिनी आजी यायच्या. एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तिघींनी एकमेकींचे गुडघे दाखवून झाले होते.

खाण्याचं सांगायचं तर पूर्वी तिथेही खाण्याच्या गाड्या रस्त्यावरच लागायच्या. १९७१ पासून पुढची पंधरा वर्षं सरकारने त्यांच्यासाठी छपराखाली गाळे बांधून दिले, पाण्याचे नळ दिले, सांडपाण्याची सोय केली. गाडीवाल्याला हाकललं नाही, आत घेतलं. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला वारशाच्या यादीत स्थान दिलं. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे, की चार-पाच डॉलरात, त्या महागड्या शहरात, सूटवाला आणि झाडूवाला एका टेबलावर पोटभर जेवतात.

बँकॉकबद्दल थोडक्यात. येताना तिथे तीन दिवस थांबलो. जेवण अप्रतिम, नदीवरच्या आणि कालव्यातल्या प्रवासी होड्या तर मला फारच आवडल्या. पण फूटपाथ आपल्यासारखेच. सासूबाई तिन्ही दिवस माझा दंड धरून होत्या.

आमचे धाकटे दीर तेवीस वर्षं बोटीवर होते. त्यांचं माप माझ्याहून वेगळं, पण शेवटी ते माझ्याच मापाला येऊन मिळतं असं मला वाटतं. ते म्हणतात, बोट धक्क्याला लागली की आम्हाला सहा तास मोकळे, खिशात पैसे बेताचे, आणि परत वेळेत पोचायलाच हवं. त्या सहा तासांत परक्या माणसाला जे शहर काहीतरी देतं ते चांगलं. त्यांचं हाँगकाँगवर प्रेम आहे. स्टार फेरी १८८०च्या दशकापासून बंदरात फेऱ्या मारते आहे. चार नाणी टाकली की लाकडी बाकावर बसून अख्खं बंदर बघायला मिळतं, श्रीमंत पर्यटकाला दिसतं तेच. ट्राम १९०४ पासून चालते, कुठेही उतरा, भाडं एकच, तेही उतरताना द्यायचं. शिवाय डोंगरउतारावरच्या वस्तीसाठी १९९३ मध्ये रस्त्यातच सरकते जिने बसवले, एकामागून एक, जवळजवळ ८०० मीटर. सकाळी ते खाली जातात, कामाला जाणाऱ्यांसाठी. मग दिवसभर वर. भावोजी हे सांगतात तेव्हा मला आपल्याकडच्या पाखाड्या आठवतात. डोक्यावर भारा घेऊन जांभ्याच्या त्या पायऱ्या चढणाऱ्या बायका आठवतात.

इंचॉनला बोट लागली की ते लोकल पकडून सोलला जायचे. तिथे शहराच्या मधोमध एक ओढा होता, तो झाकून त्यावर उड्डाणरस्ता बांधला होता. २००३ मध्ये तो रस्ता पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा केला, जवळजवळ सहा किलोमीटर. त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणलेलं आहे, म्हणून त्याला खोटा ओढा म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. ऑफिस सुटल्यावर माणसं तिथे पाण्यात पाय सोडून बसतात, ते खोटं कसं? आपण गावागावातले व्हाळ भराव घालून बुजवत चाललोय, त्या आपल्याला हे समजून घ्यायची फार गरज आहे.

जपानची एकच गोष्ट सांगते. अंध माणसांसाठीच्या उंचवट्याच्या पिवळ्या लाद्या पहिल्यांदा १९६७ मध्ये ओकायामात एका चौकाजवळ बसवल्या गेल्या. आता आपल्या मेट्रो स्टेशनांतही त्या दिसतात. पण बाहेरच्या रस्त्यावर पाऊल टाकलं की त्या संपतात, आणि खरी गरज तर तिथून पुढे सुरू होते.

सिंगापूरचं नुसतं कौतुक केलं तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. रविवारी लिटल इंडियात हजारो मजूर येतात, तमिळनाडूचे, बांगलादेशचे. हिरवळीवर बसून फोनवर घरी बोलत असतात. इमारती बांधतात ते, राहतात मात्र शहराच्या कडेला, मजुरांच्या वसतिगृहांत, एकेका खोलीत कितीतरी जण. २०२० मध्ये करोना त्या वसतिगृहांत कसा पसरला हे जगाने पाहिलं. त्यांच्या परवान्यावर कुटुंब आणता येत नाही. सासूबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांची बायका-पोरां खय?"

हा प्रश्न त्यांनी विचारणं साधं नव्हतं. सासरे १९६० च्या सुमारास मालवणहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले, परळला गावकीच्या खोलीत राहिले. दिवसपाळीवाले उठून गेले की रात्रपाळीवाल्यांनी त्याच जागेवर आडवं व्हायचं. जेवण खाणावळीत, महिन्याच्या पैशावर. ट्रंक ठेवायला वीतभर जागा, पण गावच्या कोणालाही दार उघडं. सासूबाई मात्र लग्नानंतर पंधरा वर्षं गावीच, १९८२ च्या संपानंतर सासरे गिरणी सोडून परत येईपर्यंत. त्या मजुरांच्या बायका कुठे असतील हे त्यांना सांगायला नको होतं. फरक इतकाच, की मुंबईत कायद्याने कोणी अडवलं नव्हतं. माझी नणंद पुढे तिथेच शिकली, तिथलीच झाली. वळकटी घेऊन उतरलेल्या माणसाला मुंबईने झोपायला जागा, खाणावळ आणि काम दिलं. तसं करणारी शहरं फार नाहीत. आजही रात्री साडेअकराच्या लोकलने लेडीज डब्यातून बायका घरी येतात, भाजी निवडत येतात. हे मी कुठल्याही टॉवरच्या वर मानते.

पण त्याच मुंबईत, नणंदेकडे दादरला पंधरा दिवस राहून सासूबाई एकट्या एकदाही खाली उतरल्या नाहीत. फूटपाथ आहे, पण पेव्हर ब्लॉक उखडलेले. त्यावर स्कूटर, मग दुकानाचा जिना, मग खोदकाम. उतरा रस्त्यावर, चढा परत. मागच्या खेपेला त्या तिथे पडल्या, मनगटाला महिनाभर प्लास्टर होतं. तेव्हापासून खिडकीत बसतात. काजूच्या मोसमात अख्खा सडा एकट्या फिरून येणारी बाई दादरला खिडकीत बसते! याचं मला फार वाईट वाटतं, आणि रागही येतो, कारण उतार, बाकं, सलग वाट यासाठी सिंगापूरएवढा श्रीमंत खजिना लागत नाही.

म्हणून पोरांनो, तुमच्या वादात माझं मत हे. ज्या शहरात तुमच्या आजीला घरातल्या कोणाला न सांगता बाहेर पडून मासे घेऊन येता येतात, ते मला भारी वाटतं. मग तिथे टॉवर असोत, नसोत.

नोव्हेंबरात सासूबाईंचे डोळे दाखवायला मुंबईला जायचं आहे. तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत. त्यांनी आत्ताच जाहीर केलंय की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर त्या एकट्या जाऊन बसणार, सिंगापूरच्या पडवीत बसायच्या तशा. मी नणंदेला फोन करून सांगितलं, घरापासून कट्ट्यापर्यंतची वाट एकदा तू चालून बघ. काल तिचा मेसेज आला. सहा मिनिटं लागतात, तीन ठिकाणी रस्त्यावर उतरावं लागतं, आणि मधे बसायला कुठेच नाही. तरी तिने वाटेवरच्या किराणावाल्याला विचारून ठेवलंय. तो सकाळी दुकानाबाहेर एक स्टूल ठेवणार आहे.