आमटी खारट झाली, त्याबद्दल

नमस्कार ताई. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की आमच्या लसूण-मिठाने आमटी खारट झाली, मोहरीबरोबर तेलात टाकूनही लसणाचा वास आला नाही आणि पंधरा दिवसांत बाटलीत दगड झाला.

आधी दगडाचं सांगते, कारण तिथे चूक आमचीच. तुमची बाटली जुलैच्या लॉटमधली. नीट वाळलेला लसणाचा काप कट्कन मोडतो. त्या लॉटमधले काही काप वाकत होते, तरी ऑर्डरच्या घाईत दळायला घेतले. लसणाची पूड मुळातच हवेतलं पाणी ओढते, त्यात मीठ, त्यात पावसाळा. सादळणारच. गुठळी होऊ नये म्हणून बाजारात कॅल्शियम सिलिकेटसारखं काही घालतात, ते आम्ही घालत नाही. म्हणजे वाळवण चोख हवी, आणि ती नव्हती. त्या लॉटच्या उरलेल्या बाटल्या विक्रीतून काढल्या आहेत.

खारटपणात अर्धा वाटा आमच्या लेबलचा. १०० ग्रॅमच्या बाटलीत ७५ ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम लसूण असतो. तीनास एक, लसूण-मिठाचं हे नेहमीचं माप. मागे घटकांत मीठ पहिलं लिहिलंय, कारण वजनाने जास्त ते आधी छापायचं असा नियमच आहे. पण पुढच्या बाजूला आम्ही ‘लसूण’ ठसठशीत छापलं आणि ‘मीठ’ बारीक. मग तुम्ही नेहमीचं मीठ घालून वर हे दोन चमचे घातलंत, तर नवल काय? नव्या लेबलवर ‘हे घातलं की वेगळं मीठ नको’ असं मोठ्या अक्षरात येतंय.

वासाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. फोडणीत लसणाची पूड क्षणात करपते, कडू लागते. तिथे ठेचलेल्या पाकळ्याच हव्यात. मी स्वतः घरी त्याच घालते, आमची बाटली नाही! लसणाचा झणका अख्ख्या पाकळीत तयार नसतो. पाकळी ठेचली की आतलं ॲलिन आणि एक एन्झाइम भेटतात आणि ॲलिसिन बनतं. मंद आचेवर वाळवलेल्या पुडीत ते एन्झाइम टिकून राहतं, ओलावा मिळाला की कामाला लागतं. कढत तेलात मात्र ते मरतं. म्हणून ताकात, काकडीच्या कोशिंबिरीत, उकडलेल्या बटाट्यावर घालून पाच मिनिटं थांबून बघा. आमटीत घालायचंच तर गॅस बंद केल्यावर, आणि चमच्याने. उकळत्या पातेल्यावर बाटली झटकली की वाफ आत जाते.

नवी बाटली उद्या पाठवते, पैसे नकोत. जुनी टाकू नका. तो दगड खलबत्त्यात फोडा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटात लाल तिखटाबरोबर मिसळा. भाकरीबरोबर संपेल.