दहा बोटांना सुई टोचायचा तो फॉरवर्ड परत फिरतोय, म्हणून हे लिहितेय

गेल्या आठवड्यात आमच्या माहेरच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोणी एक चिनी प्रोफेसर म्हणतात की लकवा, म्हणजे स्ट्रोक आला की पेशंटला जागेवरून हलवायचं नाही, हलवलं तर मेंदूतल्या बारीक नसा फुटतात. सुई घ्यायची, गॅसवर तापवायची, दहाही बोटांच्या टोकांना टोचून रक्ताचा थेंब काढायचा, म्हणजे दाब कमी होतो. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढायचे आणि पाळीला टोचायचं. पेशंट नॉर्मल झाला की मगच हॉस्पिटलला न्यायचं, घाई केली तर रस्त्यातल्या धक्क्यांनी उरलेल्या नसा फुटतील. खाली नेहमीप्रमाणे, सगळ्यांना पाठवा, एक जीव वाचेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन पेशंट बघते, त्यातले निम्म्याहून जास्त "अंगावरून वारं गेलेले" असतात. आणि ह्या मेसेजप्रमाणे सगळं अगदी नीट केलं गेलं तो पेशंट म्हणजे माझे सख्खे मामा आहेत.

मामा एसटीत कंडक्टर होते, कराड-पाटण लाईनवर बरीच वर्षं. दोन वर्षांपूर्वी सकाळी साडेसहाला चहा पिताना बशी उजव्या हातातून सुटली, गरम चहा पायजम्यावर सांडला तरी त्यांना कळलं नाही, मामी ओरडली तर नुसतं तिच्याकडे बघत राहिले, तोंडातून शब्द नाही. शेजारच्या मुलाने मोबाईलवरचा हा मेसेज मोठ्याने वाचला, मामीने गोधडी शिवायची सुई आणली. दहा बोटं झाली, मग कान झाले, रक्त आलं, आणि मग सगळे पलंगाभोवती वाट बघत बसले कारण मेसेजमध्ये तसंच लिहिलंय. मला फोन आला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं आत्ताच्या आत्ता गाडी काढा. पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हतं, तिथून पुढे पाठवलं, रिपोर्ट हातात आला तेव्हा सव्वाअकरा. मेंदूच्या एका बारीक नसेत गुठळी होती. डॉक्टरांनी विचारलं शेवटचे व्यवस्थित कधी होते, हिशोब केला आणि म्हणाले गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ गेली. मी मामांचा हात धरून उभी होते, प्रत्येक बोटाच्या टोकावर सुकलेल्या रक्ताचा काळा ठिपका होता.

आता मेसेजमधलं एकेक घेऊ.

"हलवू नका, नसा फुटतील." दहातल्या साधारण आठ स्ट्रोकमध्ये काहीही फुटलेलं नसतं, नस गुठळीने बंद पडलेली असते. उरलेल्यांमध्ये खरंच ब्लीडिंग असतं, पण ते बहुतेक वेळा वर्षानुवर्षांच्या बीपीने कमकुवत झालेल्या नसेतून झालेलं असतं, रस्त्याच्या खड्ड्यामुळे नाही, आणि अशा पेशंटला तर हॉस्पिटल जास्तच तातडीने लागतं कारण बीपी पटकन पण बेताने खाली आणावं लागतं, कधी ऑपरेशन लागतं. गुठळी आहे की ब्लीडिंग हे बाहेरून बघून कोणालाच कळत नाही, मलाही नाही, ते सीटीतच कळतं. आणि घरी बसून सीटी होत नाही.

मला राग सुईचा कमी आणि ह्या ओळीचा जास्त येतो. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन जवळजवळ २० टक्के त्याला लागतो आणि साठा करून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही. मोठी नस बंद पडली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात. गुठळीच्या अगदी जवळचा भाग लवकर जातो, पण त्याच्या भोवतीचा भाग काही तास उपाशी असतो, मेलेला नसतो, आणि सगळे उपचार असतात ते तो भाग वाचवायला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि साडेचार तास म्हणजे तेवढा वेळ हातात आहे असं नाही, जितकं लवकर तितका फायदा जास्त. मोठी नस बंद असेल तर जांघेतून बारीक नळी नेऊन गुठळी ओढून काढता येते, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतसुद्धा, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही आणि सगळीकडे होतही नाही.

"बोटातून रक्त काढलं की दाब कमी होतो." अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातले दहा थेंब गेले तर कसला दाब कमी होणार? आणि बोटाच्या टोकाचं रक्त कातडीखालच्या केसाएवढ्या नसांतलं, गुठळी मेंदूत, तिथली गुठळी इथे टोचून सुटायला दोघांच्या मध्ये तशी वाटच नाही. शुगरवाले लोक रोज बोट टोचून घेतात, त्यांनाही स्ट्रोक येतोच, उलट जास्त येतो.

"तोंड वाकडं झालं तर कान ओढा." तोंड वाकडं होतं कारण चेहरा हलवायचा हुकूम जिथून निघतो तो मेंदूचा भाग बंद पडलाय. गालात किंवा कानात काही अडकलेलं नसतं.

"चिनी प्रोफेसर." रक्त काढायची जुनी पद्धत तिकडे आहे, मी नाही म्हणत नाही. पण आज चीनमध्ये लोकांना स्ट्रोकबद्दल काय शिकवतात ते बघा. तिथे अँब्युलन्सचा नंबर १२० आहे आणि त्यांनी त्याच आकड्यात लक्षणं बसवलीत: १ म्हणजे एकदा चेहरा बघा वाकडा झालाय का, २ म्हणजे दोन्ही हात उचलायला लावा एक खाली पडतो का, आणि शून्याला त्यांच्या भाषेत "लिंग" म्हणतात, त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ऐकणं, म्हणजे बोलणं ऐका, अडखळतंय का. तिन्हीतलं एक दिसलं तरी १२० फिरवा. सुईचं नावही नाही त्यात.

आता सगळ्यात जास्त मला जे ऐकवलं जातं ते, "ताई, आमच्याकडे केलं होतं, अर्ध्या तासात माणूस उठून बसला." मी ह्या लोकांना खोटं म्हणत नाही, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तो माणूस सुई न टोचताही उठून बसला असता. गुठळी कधी कधी आपोआप सुटते आणि लक्षणं काही मिनिटांत किंवा तासाभरात जातात, त्याला डॉक्टर टीआयए म्हणतात, आणि ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते, त्यातही पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. म्हणजे "बरं वाटलं" म्हणून घरी थांबायचं नसतं, त्याच दिवशी दाखवायचं असतं. कधी शुगर एकदम खाली गेलेली असते, तेही स्ट्रोकसारखंच दिसतं आणि साखर मिळाली की माणूस ताळ्यावर येतो. कधी फक्त चेहरा हलवणारी नर्व्ह (रक्ताची नस नव्हे, मज्जातंतू) सुजलेली असते, बेल्स पाल्सी, ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण सुधारते, आणि श्रेय कान ओढणाऱ्याला जातं. ह्यातलं कुठलं काय हे घरी ठरवत बसू नका.

मेसेजमध्ये नाही पण घरोघरी होतं ते पण सांगून टाकते. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, गिळायची ताकद गेलेली असू शकते आणि पाणी सरळ फुफ्फुसात जातं, मग न्यूमोनिया. हार्टच्या माणसाला देतात म्हणून ॲस्पिरिन देऊ नका, ब्लीडिंग असेल तर ते वाढेल. जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका, बीपी एकदम पडलं तर तो उपाशी भाग अजून उपाशी राहतो. १०८ ला फोन करा, किंवा गाडी दारात असेल आणि अँब्युलन्सला वेळ लागणार असेल तर गाडीने निघा, उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, आणि जाता जाता फोन करून विचारा की सीटी आणि गुठळीचं इंजेक्शन दोन्ही आहे का, नसेल तर तिथे थांबून वेळ घालवू नका. कुठल्या गोळ्या चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करायच्या, ती पाकिटं पिशवीत टाका. आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. लक्षात कधी आलं ती नाही. रात्री दहाला ठीक झोपला आणि सकाळी सहाला हात हलत नव्हता तर डॉक्टरांचं घड्याळ दहापासून सुरू होतं.

मामांनी बीपीची गोळी तीन महिने बंद ठेवली होती, "डोकं दुखत नाही मग कशाला" म्हणून. बीपी दुखत नाही हो, म्हणूनच ते मोजायचं असतं. तंबाखू पण होतीच.

नंतरचं थोडं, कारण माझं काम तिथेच सुरू होतं. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते, आणि नेमके तेच महिने बरीच घरं तेलवाला शोधण्यात आणि पारव्याचं रक्त चोळण्यात घालवतात. सहा महिन्यांनी काही होत नाही असंही लोक म्हणतात, तेही खरं नाही, वेग कमी होतो पण थांबत नाही. उठवताना पेशंटचा लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं धरून त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका.

मामांना सगळं कळतं, शब्द निघत नाहीत. पण पाठ झालेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेने येतात, आकडे, आरत्या, वार. स्पीच थेरपिस्टनी विचारलं ह्यांना रोज तोंडात बसलेलं काय आहे, तर मामीने लगेच सांगितलं, स्टॉप. आता रोज संध्याकाळी मामी "कराड" म्हणते आणि मामा पुढे घेतात, विहे, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, एकदम स्वच्छ. "पाणी" म्हणायला मात्र अजून दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तोपर्यंत मामी तांब्या हातात धरून थांबते, स्वतः तो शब्द उच्चारत नाही.