पझल खेळणाऱ्याच्या मागे उभं राहून मदत कशी करावी

घरात, हॉस्टेलवर, ऑफिसात एकतरी माणूस असतोच जो स्क्रीनकडे बघत नुसता बसलेला असतो. बटण दाबत नाही, बोलत नाही, मधूनच "हं" करतो आणि परत गप्प. घाबरू नका, त्याला काही झालेलं नाही, तो पझल गेम खेळतोय. पण तुमच्यासारख्या परोपकारी माणसाला हे बघवत नाही, म्हणून म्हटलं चार गोष्टी सांगाव्यात.

आधी जागा पकडा. खुर्चीच्या मागे, त्याच्या खांद्याच्या जरा वर, त्याला तुमचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ. शेजारी बसू नका, शेजारी बसलं की त्याचा चेहरा दिसतो आणि मग बोलताना उगाच लाज वाटते.

जागा मिळाली की पहिलं वाक्य, "काय रे, अडकलास?" हे काळजीच्या सुरात म्हणायचं. ज्याने गेम बनवला त्याने महिनोन्‌महिने डोकं लावून तो माणूस नेमका तिथेच अडकेल अशी सोय केलेली असते, आणि या माणसाने ते अडकणं पैसे मोजून विकत घेतलेलं असतं, पण ते सगळं विसरा. अडकणं म्हणजे संकट. संकटात धावून जायचं असतं.

दुसरं वाक्य, "अरे हलव की काहीतरी!" हे सोकोबानला फार छान लागू पडतं. सोकोबान म्हणजे जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी 1981 साली तयार केलेला आणि पुढच्या वर्षी बाजारात आलेला गेम, ज्याच्या नकला आजपर्यंत चालू आहेत. गोदाम, एक माणूस, खोकी आणि खोकी ठेवायच्या जागा. खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही. एवढाच नियम, पण त्यात सगळी गोची आहे, कारण नको त्या कोपऱ्यात खोकं एकदा गेलं की गेलं, त्याला बाहेर काढायला मागून हात लावायला जागाच नसते. म्हणून खेळणारा शेवटापासून उलटा येतो, शेवटचं खोकं कुठल्या बाजूने आत शिरेल, त्यासाठी कुठली गल्ली मोकळी लागेल, मग तिथलं खोकं आधी कुठे न्यायचं, वगैरे. हे बाहेरून बघणाऱ्याला ठार आळशीपणासारखं दिसतं. सोकोबान हा पीस्पेस-कम्प्लीट प्रकारातला प्रश्न आहे हे जोसेफ कल्बरसन यांनी 1997 मध्ये दाखवलं, म्हणजे लेव्हल मोठ्या करत गेलात तर कॉम्प्युटरलाही घाम फुटतो असं प्रकरण आहे ते. अर्थात कॉम्प्युटरच्या मागे तुम्ही उभे नव्हतात.

(घर बदलताना कपाट जिन्याच्या वळणावर अडकवून ठेवतात ते हेच लोक. "मोजत काय बसलायस, उचल आधी!")

वर्डलसाठी वेगळी पद्धत आहे आणि ती तुम्ही रोज पाळताच. जोश वॉर्डल नावाच्या माणसाने हा गेम 2021 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, सगळ्यांना ओळखायला रोज एकच पाच अक्षरी इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न. आणि निकाल शेअर करायला त्याने रंगीत चौकोन ठेवले, शब्द नाही, नुसते चौकोन, म्हणजे मला किती प्रयत्न लागले ते तुम्हाला कळेल पण तुमचा खेळ बिघडणार नाही. इतका विचार केलेला त्या माणसाने! तुम्ही सकाळी सकाळी ग्रुपवर चौकोन टाका आणि त्यावर लिहा, "आजचा शब्द मस्त होता, समुद्राशी संबंधित 😄".

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन नावाच्या गेममध्ये जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते शोधायचं असतं, तुम्ही जाता जाता कोण कसा मेला ते सांगत चला.

आता "याचा उपयोग काय?" हा प्रश्न. तो विचारायचाच. आणि समोरचा बावळट असेल तर तो म्हणेल की मेंदूला व्यायाम होतो, तिथे त्याला धरायचं, कारण मेंदू तल्लख होतो म्हणून जाहिराती केल्याबद्दल 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला 20 लाख डॉलर भरायला लावले होते, दाव्यांना पुरेसा आधार नव्हता म्हणून. तर व्यायाम-बियाम सोडा. मजा येते म्हणून खेळतो असं कुणी म्हणालं तर मात्र आपल्याकडे उत्तर नाही, तेव्हा हळूच विषय बदलावा.

आणखी एक जमात आहे, तिलाही मोकळ्या मनाने प्रोत्साहन द्या. ही मंडळी गेम उघडतात, तिसऱ्या लेव्हलला वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा सोडवायचा ते दाखवणारा व्हिडिओ, लावतात, बघत बघत शेवटपर्यंत जातात आणि रात्री पोस्ट टाकतात, "पझल गेमने मला शिकवलेले आयुष्याचे सात धडे". पहिला धडा चिकाटी. असो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, उत्तर कधी आणि कसं सांगावं. याचं आदर्श उदाहरण म्हणजे आमचे दाजी, आणि हे उदाहरण अगदी ताजं आहे.

बाबा इज यू नावाचा गेम आहे, 2019 चा, फिनलंडच्या आर्वी तेइकारीचा. त्यात लेव्हलचे नियमच शब्दांचे ठोकळे होऊन जमिनीवर पडलेले असतात. 'वॉल', 'इज', 'स्टॉप' हे तीन ठोकळे एका ओळीत आहेत तोपर्यंत भिंत अडवते, त्यातला एक बाजूला ढकलला की भिंत नुसती शोभेची, आरपार चालत जा. 'फ्लॅग', 'इज', 'विन' जुळलं की झेंड्याला शिवायचं, लेव्हल जिंकली. आणि बाबा म्हणजे तुम्ही चालवता तो छोटा प्राणी. 'बाबा इज यू' हेच वाक्य चुकून मोडलंत तर तुम्ही कुणीच राहत नाही, संगीत बंद पडतं, कितीही बटणं दाबा काही हलत नाही, मग मुकाट्याने अनडू, म्हणजे चाल मागे. अनडू हवे तेवढे मारा, गेम कधी हिशोब मागत नाही. मी त्यातल्या एका लेव्हलवर बरेच दिवस अडकलो होतो आणि अतिशय मजेत होतो. भांडी घासताना तीच, रांगेत उभा असताना तीच, अंथरुणावर पडलं की छतावर तीच. एक 'इज' होता जो मला हलवायचा होता आणि हलवला की दुसरं वाक्य मोडत होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळी कुठेतरी जाणवायला लागलं की हा 'इज' हलवायचा हट्ट माझाच आहे, गेम तसं म्हणतच नाहीये. वाक्य आडवं वाचतात तसं उभंही वाचतात की, मग तो आहे तिथे राहून... आणि इथे, बरोबर इथे, मागून आवाज आला, "एक मिनिट, एक मिनिट."

दाजींनी फोन काढला. लेव्हलचं नाव टाकलं. व्हिडिओ लावला, आवाजासकट, दीडपट वेगाने. कुणीतरी भराभर बोलणारा मुलगा, आणि दाजी त्याच्यावर आवाज चढवून, "अरे सोपं आहे, तो फ्लॅग त्या इजच्या डोक्यावर आण, विन खाली लाव, झालं! बघ, किती सोपं होतं!"

कुणी शिंकायच्या अगदी बेतात असताना त्याचं नाक दाबावं तसं झालं.

आणि वर आत जाऊन ताईला सांगितलं, "अडकून बसला होता बिचारा, दिलं सोडवून."

सोपं होतं म्हणे! अहो सोपंच असतं, उत्तर कळल्यावर सगळं जगच सोपं असतं. अवघड होतं ते तिथपर्यंत चालत जाणं आणि त्या चालण्यासाठीच तर मी बसलो होतो ना? मी काय त्या झेंड्यावर पोचायला बसलो होतो का, झेंड्याचं मला काय करायचंय, तो दहा-वीस ठिपक्यांचा झेंडा आहे. आणि हे परत मिळत नाही हो. क्रिकेटची मॅच हरलो तर उद्या परत खेळू, पण पझलचं उत्तर एकदा कानात गेलं की ते काढून टाकता येत नाही, तिथे अनडू नाही. आउटर वाइल्ड्स नावाचा गेम आहे, त्यात तर तुम्हाला नवीन हत्यार मिळत नाही, ताकद वाढत नाही, तुम्हाला काय माहीत झालंय एवढीच तुमची कमाई, गेम पहिल्या दिवशीच संपवता येतो फक्त कसा ते माहीत नसतं. त्यात दर 22 मिनिटांनी काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. बघा, इतकं सोपं असतं न सांगणं.

पण दाजींना यातलं काही कळत नाही, आणि सगळ्यात वैताग याचा की ते वाईट मनाने करत नाहीत. ताई ऑफिसमधलं काही सांगायला लागली, की अमुक बाई मीटिंगमध्ये असं म्हणाली आणि मग, तेवढ्यात यांचं उत्तर तयार, "सरळ मेल टाक वरती." अहो ती अजून सांगतेय. काय झालं हे तुम्हाला अर्धं माहीत आहे, तिला काय हवंय ते तर तिलाच अजून ठरवायचंय, बोलता बोलता ठरेल ना तिचं. ताई आता सांगतच नाही. "काही नाही, नेहमीचंच" म्हणते आणि दाजींना वाटतं प्रश्न सुटला.

आणि भाची. मोठमोठे भागाकार करते ती सध्या, जीभ बाहेर काढून, वहीवर पार वाकून. चुकली की पेन्सिल यांच्या हातात. "असं नाही, हे असं, मग हे, आलं ना?" तिने मान हलवली. परवा मी तिच्यासमोर बसलो होतो तर बघतोय काय, एक आकडा लिहिला की ती वहीकडे बघतच नाही, आधी माझ्या तोंडाकडे बघते. बरोबर आहे का चूक ते माझ्या तोंडावर शोधते! मी तोंड दगडासारखं केलं तर रडकुंडीला आली.

बास, आता मला उपरोध-बिपरोध काही जमत नाहीये, सरळच बोलतो.

गप्प बसा. खरंच, जरा गप्प बसायला शिका. समोरचा माणूस विचार करत असेल तर ती रिकामी जागा नाहीये की तुम्ही आत येऊन बसावं. त्याने मदत मागितली तर आधी विचारा की काय काय करून बघितलंस, आणि तो सांगेल ते पूर्ण ऐका, निम्म्या वेळा सांगता सांगता त्याचं त्यालाच सापडतं, आणि तुमचं नाव होत नाही म्हणून नेमकं तेच तुम्हाला आवडत नाही. नाहीच सापडलं तर फक्त कुठे बघायचं ते सांगा, काय करायचं ते नाही. पोरीच्या हातातली पेन्सिल घेऊ नका, चुकू दे की तिला, खोडरबर कशाला असतं? तिला एका भागाकाराला अर्धा तास लागला तर लागू दे, तुम्हाला कुठे गाडी पकडायचीय? आणि तो फोन खिशात ठेवा, जगातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यात आहे हे आम्हालाही माहीत आहे, आमच्याही खिशात तसलाच फोन आहे, तो आम्ही मुद्दाम काढला नव्हता.

आणि दाजी, तुम्ही हे वाचणार आहात, ताई तुम्हाला दाखवणारच आहे. "अरे मी तर मदत करत होतो" असा मेसेज मला टाकू नका. पुढच्या लेव्हलला बसलोय, आत्ता काही बोलू नका.