फोटोत छप्पर येऊ द्या

'जुन्या कारखान्यांचे फोटो काढायचे तर पडझड, गंज, झाडोरा टिपा' हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. आमचे बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणारे कारागीर होते. राज्यातली एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, ही पहिली वसाहत. महामंडळ स्थापन झालं १९६२ साली. बाबांच्या शेडमध्ये आता जिम आहे. लेथच्या जागी ट्रेडमिल! पण करवतीच्या दात्यांसारखं छप्पर तसंच आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. त्या दात्यांच्या काचा उत्तरेकडे असतात, म्हणजे ऊन थेट आत येत नाही, दिवसभर एकसारखा मऊ उजेड मिळतो. कारागिराला मोजमाप नीट दिसावं म्हणून केलेली ही सोय आज फोटोवाल्याच्या कामी येते. फ्लॅश घरीच ठेवा.

ठाण्यातच पोखरण रोडला रेमंडच्या कापड कारखान्याच्या जागेवर टॉवर उभे राहिले, तिथे मात्र असं काही टिपायला उरलं नाही. कारखान्याचा भोंगा तर फोटोत येतच नाही म्हणा.

आणि हो, आधी परवानगी घ्या. मला एका गेटवर वॉचमनने अर्धा तास बसवून ठेवलं होतं. शेवटी बाबांचा पाळीचा जुना पास दाखवल्यावर त्यानेच आतून चहा मागवला.